आईची गोळ्यांची यादी

कोपरच्या आमच्या चाळीतल्या घरी दिवसभर कुणी ना कुणी दारात उभं असायचं, आणि जो यायचा तो काहीतरी विचारायला यायचा. पप्पा पालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होते. दारामागे त्यांची छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी उभी असे. ती रस्त्यातल्या झाकणाखाली घालून फिरवली की तीन गल्ल्यांना पाणी सुटायचं. त्यामुळे "जाधव, आज दाब का नव्हता?" हा प्रश्न आमच्याकडे चहाबरोबरच यायचा. आईला विचारायला येणाऱ्यांच्या हातात कागदाची पुडी असायची आणि पुडीत दोन-चार सुट्या गोळ्या. बारावीनंतरच्या त्या सुट्टीत तिसरं खातं माझ्या नावाने उघडलं. मेडिकलच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, ही बातमी चाळीत कशी फुटली कोण जाणे; पण डोमिसाईल वेगळं काढायचं का, झेरॉक्सवर सही कुणाची चालते, फोटोवर नाव लिहायचं की मागे लिहायचं, हे विचारायला डोंबिवलीहून पोरं येऊ लागली. पप्पा म्हणायचे, "आपण दारावर पाटीच लावू. पाणी, गोळ्या आणि फॉर्म."

आईचं नाव शालन. शिक्षण सातवी, तेही रत्नागिरीकडच्या एका वाडीतल्या शाळेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत औषधांच्या एका युनिटमध्ये ती चेकिंग-पॅकिंगला होती. म्हणजे मशीनमधून पडलेल्या गोळ्या पांढऱ्या टेबलावरून सरकत जायच्या आणि आईने आणि तिच्या समोरच्या बाईने त्यातली तुटकी, टवका गेलेली, डाग पडलेली गोळी उचलून बाजूला टाकायची. पाळीभर. बांगड्या काढून, केस टोपीत कोंबून, तोंडाला फडकं बांधून. घरी आली की तिच्या अंगाला कसला वास येतोय त्यावरून आज काय चाललं होतं ते मला कळायचं. बी कॉम्प्लेक्स असलं की सबंध घराला तो उग्र वास यायचा आणि तिची नखं हळदीला बसल्यासारखी पिवळी असायची. त्या नखांनीच ती तांदळाची भाकरी थापायची. भाकरी, कुळथाची पिठी आणि तव्यावर परतलेली सुकट, हे आमचं रोजचं जेवण. आज मी मोठमोठ्या ठिकाणी जेवते, पण कुळथाच्या पिठीला शेवटी लसणाची फोडणी बसली की जो चर्र आवाज व्हायचा, तसा आवाज मला कुठल्याच स्वयंपाकघरात पुन्हा ऐकू आलेला नाही.

सुटी गोळी ओळखायची आईची रीत ठरलेली होती. गोळी आधी ताटलीत ठेवायची. मग खिडकीशी जाऊन रंग बघायचा. नखाने कड चाचपायची, मधल्या रेघेवरून बोट फिरवायचं, शेवटी वास घ्यायचा. तिच्या टेबलावरून गेलेली गोळी असली तर ती लगेच सांगायची, "ही तापाची," "ही पित्ताची." नसली तर म्हणायची, "ही माझी नाही." अंदाज कधी सांगायची नाही. कुणी फारच गळ घातली तर म्हणायची, "मी गोळी ओळखते हो, आजार ओळखत नाही. घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचारा." लोकांना तिच्या या 'माझी नाही'चं हसू यायचं. मलाही यायचं. आता वर्गात मुलांना शिकवताना 'मला माहीत नाही' हे वाक्य किती कमी लोकांना नीट बोलता येतं ते बघते, आणि तेव्हा हसले याची लाज वाटते.

त्याच सुट्टीत पप्पांनी मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. डोंबिवलीला एका इमारतीच्या तळमजल्यावर चार मशीन होती आणि प्रत्येक मशीनवर तासाला दोघं. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "काहीतरी टाइप करून आणा. हवं ते. पण साध्या फाइलमध्ये, नटवायचं नाही." मला दुसरं काही सुचलं नाही. मी आईला म्हटलं, "तू गोळ्या सांग, मी त्यांची यादी करते." रात्रीची भांडी घासता घासता ती सांगायची, मी वहीत उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये टाइप करायचे. त्या मशीनवर मराठी अक्षरं टाकली की साध्या फाइलमध्ये नुसते चौकोन उमटायचे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. एका ओळीत एक गोळी: रंग, आकार, रेघ, कड, वास, कशाची. फाइलला नाव दिलं 'goli' आणि ती फ्लॉपीत घेतली.

एका रविवारी विहारातून वंदना करून येताना आईला मी क्लासमध्ये नेलं. ती पांढऱ्या साडीतच खुर्चीच्या टोकावर बसली. मी शोधायच्या चौकटीत 'pitta' टाइप केलं आणि नेमकी ती ओळ निळी झाली. आई पुढे वाकली.

"हे इतक्या लवकर कसं सापडलं?"

"मशीन शोधतं."

"आणि चुकलं असलं तर?"

"पुसायचं आणि परत लिहायचं."

"मग आधीचं कुठे जातं?"

"कुठेच नाही. गेलं ते गेलं."

तिला ते अजिबात आवडलं नाही. "आमच्याकडे असं चालत नाही," ती म्हणाली. "बॅचच्या कागदावर चुकलं तर खोडायचं नाही, वरून गिरवायचं नाही. एक रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे अशी. बाजूला नवीन लिहायचं आणि सही करायची."

चौदा एप्रिलनंतर हा विषय पुन्हा निघाला. त्यांच्याकडची साखरेची, म्हणजे डायबेटिसची, गोळी तोपर्यंत गुलाबी यायची. कंपनीने रंग घालणं बंद केलं. आकार तोच, मधली रेघ तीच, पण आता पांढरी. आईने सांगितल्यावर मी फाइलमधला 'gulabi' पुसून 'pandhri' केलं आणि नवा प्रिंट घरी आणला. आईने पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "गुलाबी कुठे गेली?" मी म्हटलं, "आता नाहीच ना ती." तर म्हणाली, "तुझ्या मशीनमध्ये नाही. लोकांच्या डब्यात आहे की!" मी कुरकुरत परत क्लासला गेले आणि दोन्ही ओळी ठेवल्या. चौदा एप्रिलपर्यंत गुलाबी, चौदा एप्रिलनंतर पांढरी.

निकाल लागले. बारावीचे मार्क चांगले होते, सीईटीचे त्याहून चांगले. फॉर्म मी शाईच्या पेनाने, श्वास रोखून भरला. वडिलांचा व्यवसाय, पालिकेत नोकरी. आईच्या व्यवसायाच्या चौकटीशी पेन थांबलं. क्लासमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या मुलीची आई डॉक्टर होती, तिच्या मागच्या मुलाची आई कॉलेजात शिकवायची. माझ्या डोळ्यांसमोर पिवळी नखं आली. आणि मी इंग्रजीत, माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात, 'हाउसवाइफ' लिहिलं. फॉर्म जातीच्या दाखल्यासकट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटावर ठेवला. द्यायला अजून दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लताकाकू आली. आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायची. तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, आंबिवलीला तिच्या भावाकडे असायचे. आबांना ब्लडप्रेशर होतं आणि साखर होती. महिना-दीड महिना झाला, आबांचं डोकं फिरलंय असं भाऊ सांगत होता. एखाद्या दिवशी एकदम ठीक असायचे, पेपर वाचायचे. दुसऱ्या दिवशी दहा-अकरा वाजले की अंगाला घाम, हात थरथर, भलतंच बोलायचे, मुलालाच "तू कोण?" विचारायचे. एकदा रेल्वेच्या रुळांच्या दिशेने चालत गेले. तेव्हापासून सून घरकामाला लागली की बाहेरून कडी लावायची आणि आत आबा दार बडवत राहायचे. डॉक्टर म्हणाले होते, वय झालंय, असं होतं. आदल्या संध्याकाळी लताकाकू त्यांना बघून आली होती.

"ताई, माझ्या बापाला कोंडून ठेवायची पाळी आली गं," ती रडत आईला म्हणाली. "हा त्यांचा गोळ्यांचा डबा. म्हटलं एकदा तुला दाखवावा."

जुना पानाचा डबा होता, कप्प्यांचा. आबांच्या बोटांना फॉइल फुटत नसे म्हणून सूनच दर महिन्याला सगळ्या गोळ्या सोलून त्यात भरायची. एका कप्प्यात गुलाबी, दुसऱ्यात पांढऱ्या. गुलाबी साखरेची, पांढरी ब्लडप्रेशरची. रोज सकाळी एक गुलाबी, एक पांढरी. सुनेने मायेनेच ते केलं होतं.

आईने स्टीलचं ताट घेतलं आणि पांढऱ्या गोळ्या त्यात ओतल्या. त्यांचा ताटावर पडतानाचा आवाज मला अजून आठवतो. मग बोटाच्या टोकाने एकेक गोळी सरकवायला लागली, अगदी टेबलावर बसल्यासारखी. डावीकडे एक, उजवीकडे एक. डावा ढीग वाढत गेला. तिचा चेहरा बदलला.

"वैशाली, तुझा कागद आण."

मी प्रिंट आणला. तिने डाव्या ढिगातली एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "वाच. रेघ मधोमध, कड तिरपी. चौदा एप्रिलनंतर."

मी वाचलं, "साखरेची." उजवीकडच्या बिनरेघेच्या गोळीबद्दल आई म्हणाली, "ही माझी नाही, ही ब्लडप्रेशरची असेल, चिठ्ठीवर बघ." पण डावीकडची पांढरी साखरेचीच होती. जुन्या गुलाबी संपल्या नव्हत्या, तोवर दुकानातून नवीन पांढऱ्या आल्या, आणि पांढरं ते पांढऱ्या कप्प्यात गेलं. पांढऱ्यातली कुठली हाताला येईल त्यावर आबांचा दिवस ठरत होता. बिनरेघेची आली तर पेपर वाचायचे. रेघेची आली तर साखरेच्या दोन गोळ्या पोटात.

"आज काय घेतलं त्यांनी?" आईने विचारलं.

"डबा मी आणला, पण आजच्या दोन वहिनीने वाटीत काढून ठेवल्या होत्या."

कोपऱ्यावरच्या पीसीओतून आबांच्या शेजाऱ्यांना फोन लावला, कुणी उचलला नाही. आईची दुपारची पाळी होती. गेल्या कित्येक वर्षांत तिने आगाऊ सांगितल्याशिवाय खाडा केला नव्हता. तिने पायात चपला अडकवल्या आणि म्हणाली, "चला." कल्याणला गाडी बदलून आम्ही आंबिवलीला उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते.

आईने विचारल्यावर लताकाकूच्या वहिनीने कडी काढता काढता सांगितलं, आज वाटीतल्या पांढरीवर रेघ होती. आबा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामाने चिकटलेला, ओठ काहीतरी पुटपुटत होते. लताकाकूने "आबा" म्हणून हाक मारली तर त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. रिक्षात घालून आम्ही त्यांना स्टेशनजवळच्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना भरलेला होता. आई रांगेत थांबली नाही. सरळ आत गेली आणि टेबलावर डबा ठेवला.

"साहेब, ह्यांनी आज साखरेच्या दोन गोळ्या घेतल्यात."

डॉक्टरांनी वर बघितलं. "तुम्ही कोण? नर्स आहात का?"

"नाही. औषधांच्या कारखान्यात चेकिंगला आहे. गोळ्या तपासते."

"अहो बाई, मी ह्यांना एकच दिलीय."

"तुमची चिठ्ठी बरोबर आहे, साहेब. गोळीचा रंग बदललाय."

मी प्रिंट पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचायला घेतला, कपाळावर आठ्या. "तुम्हाला खात्री आहे?"

आईने जे उत्तर दिलं ते मी नंतर कितीतरी वेळा माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलंय. ती म्हणाली, "मी ह्या गोळ्या रोज हाताने चाळते, साहेब. पण तुम्ही माझ्यावर जाऊ नका. तुम्ही रक्तातली साखर बघा."

डॉक्टर उठले. आबांच्या बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब घेतला, आकडा बघितला आणि ग्लुकोजची बाटली उघडली. शिरेत इंजेक्शन देताना त्यांचा चेहरा गोरामोरा झाला होता. आम्ही तिघी पडद्याला धरून उभ्या होतो. पाचेक मिनिटांत आबांचं पुटपुटणं थांबलं. त्यांनी डोळे मिचकावले, छताकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"लता? तू कधी आलीस गं?" ते म्हणाले. "आणि मी इथे कसा?"

लताकाकू मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टरांनी आबांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, कारण त्या गोळीचा अंमल लगेच उतरत नाही, साखर परत खाली जाऊ शकते. ब्लडप्रेशरही बरंच चढलेलं निघालं. मग ते हात धुऊन आले, कपाटातून त्याच कंपनीची नवी स्ट्रिप काढली, एक गोळी फोडून डब्यातल्या गोळीशेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले.

"मी म्हातारपण म्हणून मोकळा झालो होतो," ते आईला म्हणाले. "तुमचं नाव काय?"

"शालन जाधव."

"शालनताई, हा कागद मला ठेवायला द्याल?"

आईने माझ्याकडे बघितलं. "हिचाय. हिने लिहिलाय." मी कसंबसं म्हटलं, "आईने सांगितलंय ते सगळं. मी फक्त टाइप केलं." डॉक्टरांनी त्या कागदाच्या डोक्यावर पेनाने आईचं नाव लिहिलं आणि तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. नंतर त्यांच्याकडून लोक चिठ्ठी घेऊन कोपरला यायला लागले. वर लिहिलेलं असायचं: श्रीमती शालन जाधव यांस. तोपर्यंत आईच्या नावाने आमच्या घरी टपाल असं कधी आलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसून डुलक्या घेत होती. मी तिच्या हातांकडे बघत होते. घरी आल्यावर ती चहाचं आधण ठेवत असताना मी कपाटावरचा फोल्डर काढला.

"आई, मी फॉर्मवर तुझ्या चौकटीत चुकीचं लिहिलंय."

"हाउसवाइफ," ती पाठमोरीच म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"इंग्लिश येत नाही, पण खोक्यांवरचं रोज वाचते गं. अक्षरं जोडून लागतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने चहात आलं ठेचून टाकलं. "तुझा फॉर्म होता. तुला काय वाटतं ते तू लिहायचं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच जमिनीवर बसले, त्या शब्दावर एक रेघ मारली, आधीचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, औषध कारखान्यात गोळ्यांची तपासणी आणि पॅकिंग. बाजूला सही केली. आई चहाचे कप घेऊन आली, उभ्याने वाकून तिने ते अक्षर अक्षर लावत वाचलं. नंतर फक्त एवढंच म्हणाली, "तपासणी आधी लिहिलंस ते बरं केलंस. पॅकिंग त्याच्यानंतर असतं."

महिन्याभराने मुंबईच्या एका सरकारी कॉलेजात माझं नाव लागलं. पप्पांनी त्या दिवशी सगळ्या गल्ल्यांना अर्धा तास जास्त पाणी सोडलं आणि साहेबांची बोलणी हसत हसत खाल्ली. आईने पेढे आणले, पण चाळीत वाटून झाल्यावर एक मोठा खोका बाजूला ठेवला. "हा कारखान्यात," ती म्हणाली. "आत खायचं काही नेऊ देत नाहीत. गेटवर द्यावे लागतील. तू येशील का?"

त्या गेटवर मी तोपर्यंत एकदाही गेले नव्हते. तीन वाजता पाळी बदलते. आम्ही पावणेतीनलाच जाऊन उभ्या राहिलो. हवेत तो ओळखीचा उग्र वास होता. भोंगा झाला आणि आतून बायका बाहेर यायला लागल्या, बाहेरच्या आत जायला लागल्या. आई प्रत्येकीला थांबवून पेढा देत होती आणि प्रत्येकीला तेच सगळं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, "आमची वैशाली डॉक्टरकीला लागली." चाळीस-पन्नास वेळा तरी तिने ते सांगितलं असेल. एकदाही शब्द गाळला नाही. बायका माझ्या गालावर हात ठेवायच्या, पिवळ्या नखांचे, औषधाच्या वासाचे हात. तिच्यासमोर बसणारी बाई, शकुंतलामावशी, माझी हनुवटी धरून म्हणाली, "अगं, तुझ्या फिजिक्सच्या मार्कांपासून सगळं माहितीये आम्हाला. टेबलावर दुसरं काय बोलतो आम्ही?"

गर्दी झालेली बघून नवा वॉचमन काठी आपटत आला. त्याने आईला ओळखलं नाही, मला तर नाहीच. "ए बाई, गेट मोकळं करा. कोण तुम्ही? कुणाकडे आलात?"

आईच्या तोंडात पेढा होता. मी पुढे झाले. मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी माझा आवाज पार रस्त्याच्या पलीकडे पोचला.

"ही शालन जाधव. चेकिंगला आहे, वीस वर्षं. आणि मी हिची मुलगी."

वॉचमनने काठी बगलेत धरली आणि पेढ्यासाठी हात पुढे केला.